मूमिनच्या दरीतली ग्रोक कुणालाच का नको?

केशरदेठ:

गेले तीन आठवडे आमच्याकडे रात्री साडेनऊनंतर एकच विषय असतो. माझी बहीण हेलसिंकीला असते. तिने भाचीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, आठव्या वाढदिवसाला मूमिनची दोन पुस्तकं पाठवली, इंग्रजीतली. मी परिच्छेद वाचते आणि मराठीत सांगते. पहिल्याच रात्री घोडं अडलं ते नावावर. ‘मूमिनमामा’ म्हणजे आई, हे लेकीला काही केल्या पटेना. मामा म्हणजे मामा! शेवटी आम्ही मूमिनआई आणि मूमिनबाबा असं बारसं केलं आणि पुढे सरकलो. या धाग्यावरही मी तेच वापरते.

ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखिका तूवे यान्सन, जन्म १९१४, हेलसिंकी. फिनलंडमध्ये राहून ती स्वीडिशमध्ये लिहायची, कारण घरची भाषा ती. १९४५ ते १९७० या काळात मूमिनच्या नऊ गोष्टींची पुस्तकं आली, चित्रंही सगळी तिचीच. मूमिन म्हणजे पांढरेशुभ्र, गुबगुबीत, पाणघोड्यासारख्या तोंडाचे, शेपटीवाले जीव. नोव्हेंबर लागला की पोटभर पाइनची पानं खाऊन झोपतात ते एप्रिलमध्ये उठतात. त्यांच्या घरी कुणीही यावं, राहावं, जेवावं. मूमिनआई फक्त एक पलंग वाढवते. रागीट, चिमुकली लिटल माय तिथेच वाढते. हिरव्या टोपीचा स्नफकिन तंबू घेऊन येतो आणि हिवाळा आला की दक्षिणेला निघून जातो, त्याला ना आगा ना पिछा.

हे सगळं गोड गोड असेल असं मला वाटलं होतं. तसं नाहीये. पहिली गोष्ट तिने १९३९ च्या हिवाळ्यात लिहायला घेतली, सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या तेव्हा. त्यात आई आणि मुलगा पुरातून वाट काढत हरवलेल्या बाबांना शोधतात. दुसऱ्या पुस्तकात, १९४६ मध्ये, धूमकेतू येऊन आदळणार असतो, आकाश लाल होतं, समुद्र आटतो आणि ही पोरं उंच काठ्यांवर चढून कोरडा तळ ओलांडतात.

आमच्याकडे १९४८ चं जादूगाराच्या टोपीचं आणि १९५७ चं हिवाळ्याचं अशी दोन आहेत. टोपीच्या पुस्तकातला एक प्रसंग मी सलग तीन रात्री वाचलाय, फर्माईश म्हणून. लपाछपी खेळताना मूमिनआईचा मुलगा मूमिनट्रोल त्या टोपीत लपतो आणि बाहेर येतो तो भलत्याच रूपात, कान मोठे, शेपूट भलतीच. कुणीच ओळखत नाही. मित्र तर त्याला मारायला उठतात. शेवटी तो आईसमोर उभा राहतो. ती त्याच्या घाबरलेल्या डोळ्यांत बराच वेळ बघते आणि सांगते की हो, तू माझाच. त्या क्षणी तो पुन्हा पूर्ववत होतो. इथे लेक दरवेळी माझा चेहरा दोन्ही हातांनी धरते आणि डोळ्यांत बघते.

आणि मग ग्रोक. ती फार मोठी नाही, अंगावर धावून येत नाही. नुसती बसते आणि बघत राहते. ती बसते तिथली जमीन गोठते. हिवाळ्याच्या पुस्तकात सगळे शेकोटी पेटवतात, ती येते, शेकोटीवर बसते, शेकोटी विझते. सगळे चडफडतात. तेव्हा त्यांच्यातलीच टू-टिकी सांगते की ती विझवायला आली नव्हती, शेकायला आली होती. पण ती बसली की ऊब असलेलं सगळंच विझतं.

हे ऐकल्यावर लेकीने विचारलं, “तिला थंडी वाजते ना, मग तिला घरात का घेत नाहीत? बाकी सगळ्यांना घेतात.”

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या पुस्तकांत तिचं काही होतं का? गोष्ट फुटली तरी चालेल, सांगा.

उत्तरवारा:

धागा बघून राहवलं नाही. मी तांपेरेला असतो, इथे मूमिनचं संग्रहालय आहे. १९८६ मध्ये तूवेने तिची दोनेक हजार चित्रं या शहराला देऊन टाकली. २०१७ पासून ती नव्या जागेत आहेत. उजेड मंद ठेवलेला असतो. आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो आकाराचा, कारण मूळ चित्रं कितीतरी ठिकाणी तळहाताएवढीच आहेत. हिवाळ्याच्या पुस्तकातली तर नाक लावून बघावीत. आधी सगळं काळं, आणि मग त्यातून बर्फ, चांदणं, झाडांच्या फांद्या बारीक ओरखड्यांनी बाहेर काढलेल्या. त्या पुस्तकात अंधार ही रोजची स्थिती आहे आणि उजेड खरवडून मिळवावा लागतो. इथला डिसेंबर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुपारी तीनला दिवे लागतात.

मधोमध एक अडीच मीटर उंचीचं मूमिनघर आहे, पाच मजली. तूवे, तिची जोडीदारीण तूलिक्की पिएतिला आणि पेंती एइस्तोला या तिघांनी मिळून बांधलेलं. तळघरात मुरंब्याच्या बरण्यासुद्धा आहेत.

ग्रोकबद्दल सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे. तोवर मूमिन आला कुठून ते सांगतो, कारण त्याचा संबंध थंडीशीच आहे. तरुण तूवे स्टॉकहोमला चित्रकला शिकत होती तेव्हा मामाकडे राहायची (इथे मात्र खराखुरा मामा). रात्री भूक लागली की ती गुपचूप फडताळ उघडून खायची. तिने ते करू नये म्हणून मामाने सांगितलं की चुलीमागे मूमिनट्रोल राहतात, ते मागून येऊन मानेवर गार फुंकर मारतात. म्हणजे मूळचा मूमिन हा बागुलबुवाच. पुस्तकांत त्याची खूणही राहिली आहे. मूमिनांचे पूर्वज चुलीमागे राहत, म्हणून मूमिनबाबाने घर बांधलं तेही त्यांच्याकडच्या उंच चुलीसारखं निमुळतं.

चेहरा आला तो दुसरीकडून. बेटावरच्या उन्हाळी घरात भावाशी कांट या तत्त्ववेत्त्यावरून वाद झाला, ती हरली, आणि रागाने तिने संडासच्या भिंतीवर सुचेल तेवढा कुरूप प्राणी काढला. १९४३ पासून तोच लांब नाकाचा प्राणी ‘गार्म’ नावाच्या व्यंगपत्रिकेत तिच्या सहीशेजारी दिसू लागला. त्याच पत्रिकेसाठी तिने १९३८ मध्ये हिटलरला रडक्या बाळाच्या रूपात मुखपृष्ठावर काढलं होतं, आणखी केक हवा म्हणून भोकाड पसरलेलं. १९३८ मध्ये, फिनलंडमध्ये बसून. त्या काळात असं चित्र छापायला काय धैर्य लागलं असेल याचा विचार करा.

मोगरावेल:

वाचतेय. या पांढऱ्या प्राण्याचे कॉफीचे मग जावेकडे पाहिले होते. पुस्तकं आहेत हे आजच कळलं.

पोस्टाचीपेटी:

माझा जीव हेम्युलनवर आहे. उंच, कामसू, आत्याकडून वारशात आलेला झगा घालून फिरणारा. झगा का, असं कुणीही विचारत नाही, मला हे फार आवडतं. टोपीच्याच पुस्तकात सुरुवातीला तो झाडाखाली खिन्न बसलेला सापडतो. काय झालं? तर त्याचा टपाल तिकिटांचा संग्रह पूर्ण झाला. एकही तिकीट, एकही चुकीची छपाई बाकी नाही. मूमिनट्रोलला हळूहळू उमगतं की हा आता संग्राहक राहिलेला नाही, नुसता मालक झालाय, आणि त्यात काही मजा नाही. मग तो वनस्पती गोळा करायला लागतो तेव्हा कुठे त्याला बरं वाटतं.

माझे वडील चाळीस वर्षं तिकिटं जमवत होते. कोमट पाण्यात पाकिटाचा तुकडा टाकायचा, डिंक सुटला की चिमट्याने तिकीट उचलून वर्तमानपत्रावर पालथं घालायचं. मला वाटायचं त्यांना तिकिटं आवडतात. हे पान वाचलं तेव्हा कळलं की त्यांना अल्बममधल्या रिकाम्या चौकटी आवडायच्या. शेवटच्या दुखण्यातही त्यांनी मला कुठली तीन मिळाली नाहीत तेच सांगितलं होतं.

तूवेची आई सिग्ने हामाश्तेन-यान्सन हिने फिनलंडची कितीतरी टपाल तिकिटं रेखाटली. ती घरातली कमावती चित्रकार, वडील व्हिक्टर यान्सन शिल्पकार. घरात टेबलावर तिकिटांची रेखाटनं पडलेली असताना वाढलेल्या मुलीने हेम्युलनला तिकिटंच जमवायला लावावीत, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

सांजवात:

वर तूलिक्कीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. या दरीतली निम्मी माणसं तूवेच्या आयुष्यातून उचललेली आहेत.

मूमिनआई म्हणजे तिची आई, हे तिने स्वतःच सांगितलं होतं. स्नफकिनमध्ये आतोस विर्तानेन आहे, पत्रकार, खासदार आणि तत्त्वचिंतक, १९४० च्या दशकात तिचा जोडीदार. डोक्यावर जुनाट टोपी आणि मालमत्तेचा तिटकारा. १९५४ च्या पुस्तकात स्नफकिन बागेतल्या ‘हे करू नका, ते करू नका’ अशा सगळ्या पाट्या उपटून टाकतो आणि रखवालदाराभोवती हॅटिफॅटनरांचं बी पेरतो. ते मुके, पांढरे, विजेवर जगणारे जीव, मिडसमरच्या रात्री त्यांचं बी पेरलं की जमिनीतून वर येतात. बागेत शहाण्यासारखी बसवून ठेवलेली चोवीस पोरं मग त्याच्याच मागे लागतात, आणि स्वातंत्र्यावर एवढं प्रेम करणारा हा माणूस त्यांच्यासाठी कोरडे कपडे आणि जेवण शोधत हिंडतो.

टोपीच्या पुस्तकात हातात हात घालून येणारे थिंगमी आणि बॉब आठवतात का, केशरदेठ? मूळ स्वीडिशमध्ये त्यांची नावं तोफ्स्लान आणि विफ्स्लान. ‘तो’ म्हणजे तूवे आणि ‘वि’ म्हणजे नाट्यदिग्दर्शिका विविका बांड्लर, जिच्या प्रेमात ती तेव्हा होती. दोघे आपल्याच भाषेत बोलतात आणि सुटकेस कुणाला उघडू देत नाहीत. आत जगातला सगळ्यात सुंदर माणिक असतो आणि ग्रोक त्याच्याच मागावर असते. फिनलंडमध्ये समलिंगी संबंध १९७१ पर्यंत गुन्हा होता. तेव्हा ते प्रेम असं सुटकेसमध्येच ठेवावं लागत होतं. मुलांना यातलं काहीही माहीत नसताना गोष्ट पूर्ण वाटते, आणि माहीत झाल्यावर आणखी मोठी होते.

१९५५ च्या सुमारास तूलिक्की आली आणि १९५७ च्या पुस्तकात टू-टिकी. लाल पट्ट्यांचा स्वेटर, खिशात सुरी, कशानेच न डगमगणारी. एकटाच जागा झालेला मूमिनट्रोल रडकुंडीला येतो तेव्हा ती त्याला कुरवाळत नाही, कामाला लावते. त्याआधी तूवे अगदी थकून गेली होती. १९५४ पासून लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये तिची मूमिन चित्रपट्टी रोज येत होती, पुढे चाळीसेक देशांत ती छापली जायची. पैसा आला, पण चित्रं काढायला वेळ उरला नाही. शेवटी धाकटा भाऊ लार्सने पट्टी अंगावर घेतली आणि १९७५ पर्यंत चालवली. हिवाळ्याचं पुस्तक तूलिक्कीमुळेच लिहून झालं असं तूवे सांगायची. दोघी २००१ पर्यंत, तूवे जाईपर्यंत एकत्र होत्या.

दगडफूल:

केशरदेठ, एक दुरुस्ती. स्नफकिनला आगापिछा आहे! १९५० च्या पुस्तकात मूमिनबाबा आत्मचरित्र लिहायला बसतो. त्यात स्नफकिनचा बाप भेटतो, जॉक्स्टर नावाचा आळशी, नियमांचा शत्रू. आई मिंबल. आणि लिटल माय तिचीच मुलगी. म्हणजे ती आणि स्नफकिन एका आईची लेकरं. मिंबलला इतकी मुलं की मोजदाद नाही, त्यातली ही सगळ्यात छोटी. ‘माय’ हे ग्रीक अक्षराचं स्वीडिश नाव, आपण शाळेत मायक्रॉनसाठी लिहायचो तेच म्यू.

केशरदेठ:

अरे वा, हे मोठंच निघालं! उद्या लेकीला सांगते. ती लिटल मायची पक्की चाहती आहे, स्नफकिन तिला ‘पळपुटा’ वाटतो.

कवडसा:

मी शिक्षिका आहे. १९६२ चा कथासंग्रह तुमच्याकडे नसेल तर आधी तो घ्या. त्यात निनीची गोष्ट आहे.

निनीला सांभाळणारी बाई तिला मारत नव्हती, ओरडत नव्हती. फक्त दिवसभर थंडपणे टोमणे मारायची. त्याने निनी हळूहळू फिकट होत गेली आणि एक दिवस दिसेनाशीच झाली. पावसाळी संध्याकाळी टू-टिकी तिला मूमिनांकडे घेऊन येते तेव्हा जमिनीपासून थोडं वर हलणारी छोटी घंटा तेवढी दिसते, निनीच्या गळ्यातली. मूमिनआई तिची झोपायची सोय करते आणि रात्री आजीची जुनी वही काढून औषध शोधते. सकाळी जिन्यावरून दोन पावलं उतरताना दिसतात, बाकी काही नाही. मग कपडे, मग हात. चेहरा मात्र येत नाही. लिटल माय तोंडावर सांगते की भांडायला शिकल्याशिवाय तुला चेहरा यायचा नाही. आणि एक दिवस मूमिनबाबा गंमत म्हणून मूमिनआईला धक्क्यावरून पाण्यात ढकलायचा आव आणतो. निनीला ते खरं वाटतं. ती त्याच्या शेपटीला कडकडून चावते, आणि लाल केसांखाली रागावलेला, नकट्या नाकाचा चेहरा उमटतो.

मी ही गोष्ट सहावीच्या वर्गात सांगितली. संपल्यावर नेहमीसारखा गोंधळ झाला नाही. मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, “बाई, नुसत्या टोमण्यांनी?” मी हो म्हटलं. नंतर आठवडाभर मी स्वतःची वर्गातली वाक्यं ऐकत होते. “वा, आज उजाडलं वाटतं तुमचं!” हे मी रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाला म्हणायचे. ते बंद केलं.

खडूफळा:

सगळं खरं, पण शेवटची दोन पुस्तकं मुलांची नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. मी १९७० चं नोव्हेंबरचं पुस्तक नऊ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला घेतलं. त्यात मूमिन कुटुंब येतच नाही! पाऊस, रिकामं घर आणि त्यांची वाट बघत तिथे येऊन राहिलेली सहा परकी माणसं. पोरगा रोज विचारायचा, ते कधी येणार? अर्ध्यावर सोडलं.

सांजवात:

@खडूफळा, नऊ वर्षांच्या मुलासाठी घाई झाली हे मान्य. पण ते लिहिलं गेलं त्या उन्हाळ्यात तूवेची आई गेली. त्यातला छोटा टॉफ्ट मूमिनआईचं इतकं परिपूर्ण चित्र मनात रंगवून बसलाय की ती कधी दमते, चिडते, एकटी जाऊन बसते हे त्याला कबूलच नाही. ते कबूल केल्यावरच त्याला दूर समुद्रात होडीचा दिवा दिसतो. मी ते पहिल्यांदा पस्तिसाव्या वर्षी वाचलं, आमची आई गेली त्या वर्षी. सोडून देऊ नका, कपाटात ठेवा. मुलगा घेईल कधीतरी.

उत्तरवारा:

आता ग्रोक. केशरदेठ, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लेखिकेला १९६५ उजाडावं लागलं.

त्या पुस्तकात मूमिनबाबाला दरीत आपली कुणाला गरज नाही असं वाटायला लागतं आणि तो सगळ्यांना घेऊन दूरच्या खडकाळ बेटावर, बंद पडलेल्या दीपगृहात जाऊन राहतो. मूमिनआईला तिथे इतकी आठवण येते की ती दीपगृहाच्या भिंतीवर आपली बाग रंगवते आणि एक दिवस चित्रातल्या झाडामागे जाऊन झोपते. आणि ग्रोक? मूमिनांच्या व्हरांड्यातला दिवा हे तिचं एकमेव बघण्याचं ठिकाण होतं. तो दिवा गेला तशी ती त्यांच्या मागे समुद्रावरून निघते. पायांखाली पाणी गोठत जातं, त्यावरून चालत.

मूमिनट्रोल रात्री कंदील घेऊन किनाऱ्यावर जातो तेव्हा ती त्याला दिसते. त्याला भीती वाटते. तरी दुसऱ्या रात्री तो पुन्हा जातो. मग रोजच. ती कंदिलाकडे टक लावून बघते, डोलते, दिवा बघून झाला की जाते. बोलणं नाही. ती जाते तिथली वाळू गोठून दगडासारखी होते, बेटावरची झाडंसुद्धा घाबरून मुळांसकट सरकतात. तो घरी कुणाला काही सांगत नाही.

मग एके दिवशी रॉकेल संपतं. आता कंदील नाही. तो तसाच खाली जातो, तिला एवढंच सांगायला की आज दिवा नाही. आणि ग्रोक नाचायला लागते. परकर फलकारत, गात. तिला दिव्याचं काही पडलेलं नसतं, तो आला म्हणून ती नाचते. ती गेल्यावर तो वाकून तिच्या जागेवरच्या वाळूला हात लावतो. वाळू गोठलेली नसते.

घरात का घेत नाहीत, तर घेताच येत नाही. चूल विझेल, आई गारठेल. मूमिनांचं घर सगळ्यांना पुरतं असं आपण म्हणतो, पण तूवेने इथे ते घरही अपुरं पडतं हे लिहून टाकलं. कुणीतरी बाहेर तिच्यापाशी जायला हवं होतं.

ही पानं लिहिणाऱ्या बाईने १९६४ पासून पेलिंगे द्वीपसमूहातल्या क्लोवहारू नावाच्या उघड्या खडकावर तूलिक्कीबरोबर जवळपास तीस उन्हाळे काढले. एका खोलीचं घर, चारी दिशांना खिडक्या. समुद्र काय असतो आणि एकाकी बेटावर दिवा काय असतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

क्रम विचारला नाहीत, तरी सांगतो. धूमकेतू, मग १९५४ चं उन्हाळ्याचं, मग कवडसा म्हणतात तो कथासंग्रह, मग समुद्राचं. आत्मचरित्र मध्ये कुठेही चालेल. १९४५ चं छोटं पुस्तक सावकाश मिळवा, नोव्हेंबर सगळ्यात शेवटी.

मोगरावेल:

उत्तरवारा, वाळूपाशी थांबले. परत वाचलं.

केशरदेठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला यादी पाठवली, १९६५ चं पुस्तक कालच हाती पडलं. इतक्या लवकर वाचायचा विचार नव्हता, पण उत्तरवारांनी लिहिलेलं मी लेकीला सांगून टाकलं होतं आणि तिला ते पान लगेच बघायचं होतं. म्हणून काल क्रम मोडून शेवटाकडचं प्रकरण आधी वाचलं.

रॉकेल संपल्याचं वाक्य आलं तेव्हा ती उठून बसली. “मग तो जाणार नाही ना आता?” मी वाचत राहिले. तो गेला. वाळूचं वाक्य झालं तेव्हा तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि चित्र कुठे आहे ते शोधत बसली. मग दिवा घालवायला स्वतः उठली. रोज मी घालवते.

दगडफूल, स्नफकिनबद्दलचं मत अजून बदललेलं नाही. लिटल मायचा भाऊ आहे म्हणून एक संधी देणार म्हणते. आजपासून धूमकेतू सुरू.